दोन-दोनचा हात

केतकीला दोन-दोनच्या बांगड्या होतात. आमच्या कासारांच्या धंद्यात हे बाईचं सगळ्यात लहान माप. त्याखाली पोरीबाळींच्या बांगड्या. सव्वीस वर्षांची माझी शेंडेफळ लेक, पण हात बघाल तर सातवीतल्या मुलीचा. त्या हातात मावेल, ब्लाउजात लपेल असा एक फोन मला हवा होता आणि सगळी बार्शी पालथी घातली तरी तो मिळत नव्हता.

“लहान फोन आता कुणी करत नाही, मावशी,” मुश्ताक म्हणाला. फोनच्या दुकानांत त्याचं दुकान सगळ्यात जुनं. त्याच्या बायकोचा चुडा मी भरलाय, म्हणून त्याला अरे-तुरे करायचा हक्क माझा.

“का? लहान हाताच्या बायका जन्माला यायच्या थांबल्या?”

“बायका येतात. फोन येत नाहीत.”

“मग काचेत मांडलेत ते काय? पोळपाट?”

एरवी तो हसला असता. आज त्यानं माझ्या हातांकडं बघितलं. ते रिकामे होते. माझा फोन मी माझ्या दुकानात ठेवून आले होते. मग तो स्वतःचा फोन आतल्या खोलीत ठेवून आला, दार ओढलं, पंखा मोठा केला.

“कुणासाठी पाहिजे ते सांगू नका,” तो म्हणाला. “मला कळलं तर माझ्या तळव्याला कळेल. तळव्याला कळलं की फोनला.”

मी म्हणाले, “नीट सांग. मी तिसरी शिकलेली बाई.”

त्यानं सांगितलं ते असं. फोन धरला की त्याची पाठ आपल्या तळव्यावर असते. सहा वर्षांपूर्वी त्या पाठीला तळपट्टी आली. केसाहून बारीक हजारो टोकं असतात तिच्यात. माणूस घाबरला, चिडला, काही लपवायला लागला की तळव्याला घाम सुटतो, आपल्यालाही कळू नये इतका थोडा. घाम खारा, आणि खाऱ्या पाण्यातून वीज चटकन धावते. पट्टी तळव्यात चिमूटभर वीज सोडते आणि ती किती वेगानं परत आली ते मोजते. अंगठ्याच्या मुळाशी नाडी सापडते, बोटांचा दाब सापडतो. सहा महिने फोन धरलात की तुमच्या हाताची सगळी खोड त्याला पाठ.

“मग तो नुसतं काय वाटतंय तेवढंच सांगत नाही,” मुश्ताक म्हणाला. “पुढं काय करणार तेही सांगतो. माणूस मनाशी काही ठरवायला लागला की दोन-तीन दिवस नाडी खालीवर होते. आणि ठरलं की सगळं एकदम थांबतं. घाम आटतो, पकड घट्ट होते. त्याला फोन ‘निर्धार’ म्हणतो. पुष्कळदा माणसाला स्वतःला कळायच्या आधी.”

“आणि लहान फोनचं काय?”

“याला अख्खा तळवा लागतो, मावशी. लहान फोन तळव्याच्या खळग्यावर टेकतच नाही, आकडे चुकतात. म्हणून वीतभर लांबीचे आले.”

“बिनपट्टीचा लहान करायला कुणी हात धरलेत?”

“पट्टीचा फोन जवळजवळ फुकट पडतो. का? तर तुमचा तळवा विम्यावाल्यांना मिळतो आणि घरमंडळाला मिळतो. बिनपट्टीचा घेणार कोण? ज्याला लपवायचंय तोच. तेवढ्यासाठी कोण कारखाना चालवतो? जुने लहान फोन होते, ते गेले. ज्यांच्याकडं राहिलेत ते कबूल करत नाहीत. आणि कुणी विकलाच तर त्या किमतीत तुमच्या कपाटांसकट दुकान येईल.”

घरमंडळ म्हणजे काय ते आता सगळ्यांना माहीत आहे. घरातल्या सगळ्यांचे फोन एका माळेत, आणि घराच्या प्रमुखाच्या फोनवर प्रत्येकाच्या नावापुढं रंग. हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे अस्वस्थ. तांबडा म्हणजे निर्धार. माझ्या घरात प्रमुख मीच. मुलगा सोलापूरला नोकरीला, सून मृणाल माझ्याजवळ. खोटं कशाला बोलू, तिचा रंग बघायला मला आवडायचं. कधी पिवळी दिसली की मी चहा पिता पिता विचारायची, “काय गं, माहेर आठवलं का माझी जीभ आठवली?” अलीकडं तीन वर्षं ती कायम हिरवी. मी गल्लीत मिरवायची, माझी सून बघा, शेपूच्या जुडीसारखी हिरवीगार.

केतकीच्या घरात प्रमुख तिचा नवरा, विराज.

हे स्थळ मी आणलं होतं. मोठं घर, शिकलेला मुलगा, आवाज कधी चढत नाही. माझ्या भावकीत एवढं स्थळ कुणाला मिळालं नव्हतं आणि ते मी चार जणींना दोनदा ऐकवलं होतं. त्याचा आवाज अजून चढत नाही. केतकीचा रंग पिवळा झाला की तो तिला समोर खुर्चीत बसवतो, तिचा फोन तिच्या हातात देतो आणि म्हणतो, “हिरवी होईपर्यंत आपण बोलू.” मग तास जावोत नाहीतर दिवस जावो. जेवण ती हिरवी झाल्यावर. ती उठायला लागली की मनगट धरतो.

हे मला तिनं फोनवर कसं सांगितलं? आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. केतकी फोनवर म्हणायची, “आई, आज दोन बांगड्या वाढल्या.” कधी चार. कधी “डाव्या हातातल्या सगळ्या.” फोन प्रत्येक बोलण्याचा सारांश प्रमुखाला लिहून देतो. तो लिहायचा, बांगड्यांच्या संख्येत वाढ, विषय खरेदी. विराज दिवाळीच्या पंगतीत हसत म्हणाला होता, “मामी, लेकीला किती बांगड्या पुरवता? फोन म्हणतो दर आठवड्याला वाढतात.” हा शब्द त्यानं लहानपणी आईच्या तोंडून ऐकला असेलच. पण तो माणसाचं ऐकत नाही, फोननं लिहिलेलं वाचतो. पंगतीत सगळे हसले. मीही हसले. त्याची आई, माझी विहीण हेमलता, तेवढी ताटाकडं बघत राहिली. मला वाटलं, नेहमीसारखीच मुकी बसलीय.

मग त्या सोमवारी केतकीचा फोन आला. “आई, चुलतनणंदेचं लग्न रविवारी आहे ना, ते झालं की हे मला ‘निवांत’ला नेणार आहेत. सोमवारी. सोय झालीय.”

तिचा आवाज सपाट होता.

निवांत म्हणजे सोलापूरच्या रस्त्याचं ते पांढरं केंद्र. हात हिरवा होत नसेल तर तिथं सुई देऊन कायमचा हिरवा करून देतात. आमच्या गल्लीतली शिंप्याची सून गेली होती. परत आल्यावर संक्रांतीला माझ्याकडं बांगड्या भरायला बसली. पंचेचाळीस वर्षं मी बांगड्या भरतेय. हात हातात आला की मला कळतं, कोण भ्यालेलं, कुणाला दिवस गेलेत, कोण घरून रडून आलंय. भ्यालेला हात आवळतो आणि आवळलेल्या हातात काच टिकत नाही, म्हणून आम्ही म्हणतो, हात सैल सोड. मग अंगठ्याच्या मुळाशी दाबायचं, तिला दुसऱ्याच गोष्टीत बोलतं करायचं, आणि बोटं मिटली की बांगडी सरकवायची. त्या शिंप्याच्या सुनेला काही म्हणावं लागलं नाही. बांगड्या आपोआप मनगटापर्यंत गेल्या. भिजवून ठेवलेल्या कणकेत बोट जावं तशा. मी तिच्या तोंडाकडं बघितलं तर ती हसली, आणि ते हसणं कशाबद्दलही नव्हतं.

सोमवारी माझ्या लेकीचा हात तसा होणार होता.

तिला फोनशिवाय पळवता येत नव्हतं. फोनशिवाय एस.टी.चं तिकीट नाही, राहायला खोली नाही, चहासुद्धा नाही. आणि तिचाच फोन घेऊन पळाली तर प्रत्येक थांब्यावर विराजला कळणार. लहान, बिनपट्टीचा, लपेल असा एक फोन हवा होता, आणि मुश्ताकनं हात वर केले होते. जाता जाता तो एवढंच म्हणाला, “मावशी, आणि ज्याला पळायचंय त्याला आधीपासून सांगू नका. सांगितलं की ठरतं. ठरलं की तांबडं.”

गुरुवारी मी लग्नघरातल्या बायकांच्या हातांची मापं घ्यायला विराजच्या घरी गेले. हॉलमध्ये सतरंजी, टेबलावर सगळ्यांचे वीतभर फोन ओळीनं. केतकी समोर आली. हातात एक बांगडी नव्हती.

“बांगड्या कुठं गं?”

“वाढल्या.”

टेबलावरच्या एका फोनचा दिवा लुकलुकला. मी वर बघितलं नाही.

बायका एकेक करून बसल्या. गेली पाच-सहा वर्षं सगळ्या बायकांचे हात सारखेच झालेत. वीतभर फोन डाव्या हातात तोलायचा तर करंगळी खाली द्यावी लागते, म्हणून डाव्या करंगळीला खड्डा. आणि उजव्या हाताचं पहिलं बोट टेकवून टेकवून गुळगुळीत. पूर्वी असं नव्हतं. फोन मुठीत मावायचे तेव्हा बायका एकाच हातात धरून अंगठ्यानं टाइप करायच्या, आणि अंगठ्याच्या आतल्या कडेला लहानसा घट्टा पडायचा. तो घट्टा मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

शेवटी विहीणबाई बसल्या. “माझ्या राहू द्या हो, काम पडलंय,” म्हणाल्या. मी म्हणाले, “लग्नाच्या घरात बिनमापाची एक मीच पुरे.” हात हातात घेतला, आणि अंगठ्याच्या आतल्या कडेला माझं बोट लागलं.

घट्टा.

मी परत दाबलं. तासभर बोलले असते तरी एवढं बोलून झालं नसतं. त्यांचा हात माझ्या हातात लाकडासारखा झाला. तळवा पाणी पाणी. त्यांच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते केतकीच्या डोळ्यांतलंच होतं, फक्त तीस वर्षं जुनं.

“हात सैल सोडा, विहीणबाई,” मी म्हणाले. “आणि मला शेंगाचटणी कशी करता ते दाखवा बघू. केतकी म्हणते माझ्यापेक्षा बरी करता. मला खोटं वाटतं.”

स्वयंपाकघरात त्यांनी हात ओले केले. ओल्या हातांनी फोन धरत नाहीत म्हणून दोघींचे फोन बाहेरच राहिले. त्यांनी मिक्सर लावला. त्या गडगडाटात तोंडाला कान लावून बोललो.

“कुठं आहे?” मी विचारलं.

“कशाबद्दल बोलताय?”

“हेमाबाई, मी कासारीण आहे. तुमचा मुलगा नाही.”

त्यांनी झाकण काढून परत लावलं. “हळदीच्या डब्यात,” त्या म्हणाल्या. “तळाशी. पंधरा वर्षांचा जुना आहे. बेळगावला माझी थोरली बहीण असते. ह्यांनी तिच्याशी बोलायला बंदी केली होती. मग हे पुण्याला थोरल्याकडं राहायला गेले आणि विराज प्रमुख झाला. त्याला ती मावशी मेली असं सांगितलंय.”

“आणि तुमचा रंग? कायम हिरवा कसा?”

“मी कधी काही ठरवलंच नाही. फोन नुसता आहे, एवढंच पुरत होतं.” मिक्सर थांबवून त्यांनी लसूण टाकला, पुन्हा लावला. “शिंप्याची सून माझ्याही ओळखीची आहे. निवांतहून आल्यावर एका लग्नाच्या मांडवात मी तिला बघितलं.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “घेऊन जाईल केतकी. बहिणीला मी कळवते.”

“तुमचं काय?”

“शनिवारपर्यंत ठरवायचं नाही असं ठरवते,” त्या म्हणाल्या. मला त्यांच्यात विनोद असेल असं कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी मेंदी होती. मेंदीचं एक बरं आहे. तळव्याला मेंदी थापली की पट्टीला काही लागत नाही. पहिल्या वर्षी लग्नसराईत लाखो बायका एकदम गायब झाल्यासारख्या दिसल्या आणि घरोघरच्या प्रमुखांचे फोन कोकलायला लागले, म्हणून मग कंपन्यांनी मेंदीची सूट घातली. फोनला सांगायचं, मेंदी आहे. सहा तास तो काही विचारत नाही.

सकाळी दहाला मी केतकीच्या हातात हिरवा चुडा भरला. तिचा हात दोन-दोनचा, पक्ष्यासारखा. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मग मेंदीवालीला म्हणाले, “बोटांची टोकं कोरी ठेव गं, तिला कुंकवाचं काम आहे.” तळवे भरले. फोनला मेंदी सांगितली. तेव्हा, हात पुढं धरून ती मोरीशी उभी असताना, मी नळ सोडला आणि तिच्या कानात सांगितलं. एस.टी. अकराची. बेळगाव. ब्लाउजात काय आहे. मी तो फोन तिच्या पोलक्यात सारला तेव्हा हळदीचा वास आला.

ती रडली नाही. तिचे तळवे मेंदीखाली काय बोलत होते ते देवाला ठाऊक. एवढंच म्हणाली, “सासूबाईंचं काय होईल?”

“निघ,” मी म्हणाले.

तिचा वीतभर फोन टेबलावरच राहिला आणि पोरींच्या घोळक्यातून ती पार्लरला म्हणून गेली. एक वाजता पोरी परतल्या. केतकी नव्हती.

सहा तासांच्या आत विराज यायचा नाही असा माझा हिशेब होता. तो दोनलाच आला. कुठल्या तरी पोरीच्या पिवळ्या रंगावरून त्याला काही सुगावा लागला असावा. विहीणबाई तेव्हा कुठं मेंदीला बसत होत्या. मेंदीवालीनं कोन त्यांच्या तळव्यावर टेकवलाच होता.

“थांबा जरा,” विराज म्हणाला. मेंदीवालीनं कोन मागं घेतला. बाकीच्या बायका एकेक करून उठून गेल्या. त्यानं शांतपणे खुर्ची ओढली.

“मामी, केतकी कुठंय?”

“मला काय विचारता? लेक तुमच्या घरात दिलीय.”

त्यानं आपला फोन पुढं केला. “जरा धरा ना. पाहुण्यांचा तळवाही सांगतो तो, थोडं थोडं.”

मी लाख बायकांना सैल सोड म्हणाले असेन. माझा स्वतःचा हात मला सोडवेना. फोन हातात आला आणि बर्फाचा गोळा धरल्यासारखं झालं. मला माहीत होतं, मी गप्प बसले तर भीती दिसणार. म्हणून मी तोंड सोडलं.

“फोन कसला हातात देताय? माझ्या लेकीच्या हातात तीन वर्षांत एक बांगडी टिकली नाही आणि मला तळवा दाखवायला लावताय? तुमच्या आजोबांच्या लग्नातली बांगडी माझ्या सासूनं भरलीय! जावई आहात म्हणून हातात फोन आहे, नाहीतर दुसरं काही असतं!”

बोलता बोलता मला खरंच राग आला. त्यानं पडद्याकडं बघितलं. पिवळा.

“राग खरा आहे,” तो म्हणाला आणि फोन काढून घेतला. तेवढ्याच हळू आवाजात पुढं म्हणाला, “आई, आता तू. तुझाच फोन धर. तो तुला ओळखतो.”

विहीणबाईंना राग येत नाही. त्यांना आयुष्यात तो कुणी येऊ दिला नव्हता. त्यांनी उजव्या हातात फोन घेतला आणि मी बघितलं, त्यांचं नाक पांढरं पडलं होतं.

मी बांगड्यांची पेटी ओढली आणि त्यांचा डावा हात धरला.

“मामी, नंतर,” विराज म्हणाला.

“नंतर कसं? घरच्या बाईचा हात मोकळा ठेवून लग्न लावायचं का? तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते.”

एक हात त्याच्या यंत्रात, एक हात माझ्या. तो हात जाळ झाला होता. पडद्यावर हिरवा होता, कडेनं पिवळा चढत होता.

“हात सैल सोडा, विहीणबाई,” मी म्हणाले आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. “त्या दिवशी चटणीत लसूण किती टाकला होता?”

“आठ.”

“आठ पाकळ्या? तरीच माझी जीभ भाजली.”

“तुमची जीभ लसणानं भाजते होय?” त्या म्हणाल्या.

पहिली बांगडी गेली. दुसरी गेली.

“आई,” विराज म्हणाला, “केतकी कुठंय?”

“मला माहीत नाही.”

तिसरी. चौथी. मी चुकून जास्त दाबलं आणि पाचवी माझ्या बोटांत कडकन गेली. काच माझ्या अंगठ्यात शिरली. विहीणबाईंनी खाली बघितलं आणि म्हणाल्या, “वाढली.”

एवढंच. आणि त्या क्षणी त्यांचा हात माझ्या हातात सैल पडला. उरलेल्या सात बांगड्या न दाबता गेल्या. पडदा पुन्हा पुरा हिरवा झाला आणि विराज मागं टेकला. मला मात्र घाम फुटला. इतका सैल हात मी एकदाच धरला होता, शिंप्याच्या सुनेचा. तिला त्यासाठी सुई द्यावी लागली होती. या बाईनं ते स्वतःच्या आत कुठं तरी जाऊन, कुठलं तरी दार लावून केलं होतं, आणि त्या परत बाहेर येतील की नाही हे त्यांच्या डोळ्यांवरून मला कळेना.

“शांत,” विराजनं पडद्यावरचं वाचलं, आणि तो गाडी घेऊन केतकीला शोधायला निघून गेला. तो स्टँडकडं गेला की पार्लरकडं, मला बघता आलं नाही.

मी घरी आले. केतकी मला फोन करू शकत नव्हती. माझा फोन वीतभर, त्याच्या पोटात सगळ्या जगाचे कान. संध्याकाळ गेली. काय झालं विचारायला कुणी नव्हतं. मृणालला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिचा तळवा काय बोलेल, कुणी बघावं.

रविवारी सकाळी मी लग्नाला गेले नाही. मृणाल भाकरीचं पीठ मळत होती. परातीतून हात न काढता, माझ्याकडं न बघता म्हणाली,

“आत्याबाई, वन्सं पोचल्या. एकही बांगडी वाढली नाही म्हणाल्या.”

मी खाली बसले. श्वास आला तसा प्रश्नही आला.

“कुणाला म्हणाली?”

मग तिनं पिठाचे हात पदराला पुसले, मागं वळून बाजरीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक लहानसा फोन काढून माझ्यासमोर ठेवला. मुठीत मावणारा. कोपरे झिजलेले, मागं चिकटपट्टी.

सगळी बार्शी मी पालथी घातली होती.

मी तिचा हात धरला. दुसऱ्यांच्या सुनांचे हात मी आयुष्यभर धरले, हिला नेहमी म्हणत आले, “तुझ्या मापाच्या कपाटातून घे.” इतक्या वर्षांत हा हात पहिल्यांदाच माझ्या हातात आला होता. अंगठ्याच्या आतल्या कडेला घट्टा होता.

“कुठून आणलास?”

“वन्संनी दिला. त्यांच्या कॉलेजातला. लग्न होऊन जाताना.”

“मग इतके हाल झाले, तिनं परत का नाही मागितला?”

मृणालनं मान खाली घातली. “मी देत होते, आत्याबाई. दोनदा. त्याच म्हणाल्या, राहू दे, या घरात तुला जास्त लागेल.”

कपाटावर माझा फोन उभा होता. मृणालच्या नावापुढं हिरवं. आणि माझ्या मुठीत तिचा तळवा ओलाचिंब होता, बोटं आवळलेली, नाडी पाखरासारखी उडत होती. विराजसमोर केतकीची अशीच उडत असणार.

‘हात सैल सोड’ ओठांवर आलं.

मी माझा हात सोडला.